घटक ४ : तंत्र आणि सर्जन – व्यवसायनिवडीचा विचार

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• ‘तांत्रिक’ व ‘सर्जनशील’ या विभागणीमागील गृहीतक तपासता येईल.
• या दोन क्षेत्रांना जोडणाऱ्या तीन वाटा उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
• स्वतःच्या निवडीसाठी निकष लावता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, काही वर्षांपूर्वी अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्र संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. दहा वर्षे लाइनमन म्हणून नोकरी करणारा हा गृहस्थ फावल्या वेळात एकांकिका लिहीत असे. त्याने विचारले, “सर, नोकरी सोडली तरच खरा लेखक होता येईल ना?” उत्साहाच्या भरात मी “मनाचा कौल घ्या” असे सांगून मोकळा झालो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “आणि घराचा हप्ता?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे हा घटक होय.

दहावीनंतर शाखा निवडताना हा प्रश्न अनेकांपुढे प्रथम उभा राहतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो एकदा सोडवलेला आहे, किंवा परिस्थितीने तो आपल्यासाठी सोडवला आहे. मराठीच्या पदवीसाठी प्रवेश घेताना मात्र तो पुन्हा समोर येतो.

४.३ शब्दांचा मागोवा

‘तंत्र’ हा शब्द ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे या धातूपासून आला आहे. माग आणि त्यावरील उभे धागे हा त्याचा एक जुना अर्थ. ‘तंतू’ हा शब्दही याच धातूचा. म्हणजे तंत्र ही मुळात विणकराची गोष्ट! तो हिशेबाने धागे लावतो आणि त्यातूनच नक्षी उमटवतो. ‘टेक्निक’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक ‘तेख्ने’ या शब्दातही कला आणि कारागिरी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील 64 कलांच्या यादीत गायन व काव्यरचना यांच्याबरोबरच सुतारकाम, वास्तुविद्या आणि रत्नपरीक्षाही आढळते.

यावरून एवढे म्हणता येते की, तंत्र आणि कला यांच्यामधील आजची भिंत शब्दांच्या स्वभावात नाही. ती शिक्षणाच्या शाखा, पगार आणि प्रतिष्ठा यांनी उभारली आहे. भिंत मानवनिर्मित असली तरी ती खोटी ठरत नाही. घराचा हप्ता व्युत्पत्तीने फिटत नाही, हे विसरता कामा नये.

४.४ तीन वाटा

(अ) समांतर वाट : एका कामावर चरितार्थ आणि दुसऱ्यावर निष्ठा. ‘पालखी’चे लेखक दि. बा. मोकाशी यांचा पुण्यात रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय होता. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. पुढे संशोधन आणि लेखन ही दोन्ही कामे त्यांनी आयुष्यभर केली.

(आ) वळणाची वाट : डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घसा तज्ज्ञ. त्यांनी 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, वैद्यकी सोडून पूर्णवेळ अभिनय स्वीकारला. 1970 मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. मात्र विद्यार्थिदशेपासूनची नाट्यसाधना या वळणाच्या पाठीशी होती.

(इ) संगमाची वाट : दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण आणि मुद्रण यांचा त्यांनी व्यवसाय केला. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये हे सारे एकवटले. येथे तंत्र वगळले तर कलाकृतीच उरत नाही. परंतु त्यासाठी त्यांनी विमा पॉलिसीवर कर्ज काढले आणि पत्नी सरस्वतीबाई यांनी घर सांभाळून चित्रपटनिर्मितीची कामेही केली, हेही ध्यानात घ्यावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही यशस्वी झालेल्यांची उदाहरणे आहेत. अशाच वाटांवर निघून थांबलेल्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत. म्हणून उदाहरणांवरून वाटा ओळखाव्यात, भाकीत करू नये.

४.५ निवडीचे निकष

१. रोजचे काम : आपणांस लेखक व्हायचे आहे की लिहायचे आहे? तेच वाक्य पाचव्यांदा दुरुस्त करणे सोसते का? हाच प्रश्न यंत्राविषयीही विचारावा.
२. जबाबदारी : घरातील किती माणसे आपल्या मिळकतीवर अवलंबून आहेत? उत्पन्न थांबल्यास किती महिने निभाव लागेल? हा आकडा कागदावर मांडावा.
३. परतीची सोय : निर्णय चुकल्यास मागे फिरता येईल का? बिनपगारी रजा घेता येते. राजीनामा सहसा मागे घेता येत नाही.
४. पूर्वतयारी : नोकरी असताना आठवड्याचे चार तास लेखनाला देता आले नाहीत, तर नोकरी सुटल्यावर ते आपोआप मिळतील असे मानू नये.

४.६ मराठीच्या विद्यार्थ्यासाठी संगमस्थळे

भाषेच्या क्षेत्रातही संगमाची वाट आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे लेखन, चित्रपटांची उपशीर्षके, संगणकप्रणालींचे मराठीकरण, विज्ञानलेखन आणि परिभाषानिर्मिती ही त्याची उदाहरणे. ‘कृष्णविवर’ हाच शब्द पाहा. असा शब्द घडवताना संकल्पना समजावी लागते आणि भाषेचा कानही लागतो. लाइनमनचा अनुभव असलेला पदवीधर वीजसुरक्षेची पुस्तिका ज्या मराठीत लिहील, ती केवळ भाषातज्ज्ञाला साधणार नाही.

४.७ सारांश

तंत्र आणि सर्जन हे परस्परविरोधी स्वभाव नव्हेत. मात्र त्यांतून मिळणारे उत्पन्न आणि स्थैर्य यांत फरक असतो. म्हणून ‘कोणते श्रेष्ठ?’ यापेक्षा ‘कोणत्या वाटेने, केव्हा आणि कोणाच्या आधारावर?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. तो विद्यार्थी आज भेटला, तर मी त्याला उपदेश करणार नाही. वरील चार प्रश्न त्याच्यापुढे ठेवीन आणि त्याची एकांकिका वाचायला मागेन.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘तंत्र’ शब्दाच्या व्युत्पत्तीवरून कोणता निष्कर्ष काढता येतो? त्याची मर्यादा कोणती?
२. समांतर वाट आणि वळणाची वाट यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
३. उपक्रम : आपल्या सध्याच्या कामातील दहा तांत्रिक शब्द निवडा आणि नवख्या माणसाला कळेल अशा मराठीत प्रत्येकाचा अर्थ दोन वाक्यांत लिहा.