दहावी झाली, आता पुढे काय?

दहावीचा निकाल लागला, की नीरा डाव्या कालव्याच्या काठी घरोघर एकच बोलणे. "पोरगं पास झालं. आता कुठं घालायचं?" शेजारी म्हणतो, सायन्सला घाला. मामा म्हणतो, ऊस कोण बघणार? पोराला कोणी विचारीत नाही. आधी त्याला विचारा.

दहावीनंतर वाटा मुख्यतः तीन. अकरावी, आयटीआय आणि डिप्लोमा.

अकरावीत कला, वाणिज्य व विज्ञान अशा शाखा असतात. कलेला गेला म्हणजे वाया गेला, असे पुष्कळजण समजतात. ते खरे नाही. तहसीलदाराच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. विज्ञान घेणाराने मात्र जपून विषय निवडावेत. इंजिनिअर व्हायचे तर गणित हवे. डॉक्टर व्हायचे तर जीवशास्त्र हवे. मन ठरत नसेल, तर दोन्ही ठेवावेत. सोडलेला विषय पुढे आडवा येतो.

आता आयटीआय. बारामतीला आहे, इंदापूरलाही आहे. तिथे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे धंदे शिकवतात. "नापासांची शाळा" म्हणून लोक नाक मुरडतात. अहो, वालचंदनगरच्या कारखान्यात यंत्रे घडतात, ती असल्याच हातांनी! शिवाय ही वाट तिथेच संपत नाही. दहावीनंतर फिटरचा दोन वर्षांचा कोर्स केला, तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा झाला, की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मधे एखादे वर्ष नोकरी करून पैसा उभा केला, तरी चालते. ज्याच्या घरी चार वर्षांची फी एकदम निघत नाही, त्याला ही पायरी-पायरीची वाट बरी.

पूर्वी कॉलेजसाठी पुणे गाठावे लागे. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 साली निघाले. 2019 साली तर सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झाले. मुलगी सकाळी एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते. "पोरीला लांब कशी धाडू?" हे कारण आता फारसे उरले नाही.

आणि फी? सरकारने 2024 साली मुलींसाठी निर्णय केला. घरचे वर्षाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत हवे. मुलगी इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा आर्थिक दुर्बल वर्गातली हवी. मग इंजिनिअरिंग, शेती, फार्मसी अशा शिक्षणाची शिकवणी फी व परीक्षा फी माफ होते. प्रवेश मात्र सरकारी यादीतून मिळालेला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतला, तर माफी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना वेगळी शिष्यवृत्ती आहे.

पुष्कळांचे घोडे अडते ते कागदांपाशी. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून मिळतो. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो. इंजिनिअरिंग, मेडिकलला जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याला महिने लागतात. म्हणून मूल अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करावा.

शाळा सोडल्याचा दाखला तर नीट वाचा. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जात, जन्मतारीख. एकेक अक्षर आधार कार्डाशी ताडून पाहा. "शिंदे" आणि "शिदे" यांत एका टिंबाचा फरक, पण खिडकीवरचा कारकून तेवढ्यावर अर्ज परत करतो. खरे म्हणजे मूल नववीत असतानाच शाळेत जावे व रजिस्टरातली नोंद दाखवा म्हणावे. शाळा सुटल्यावर ती चूक दुरुस्त करणे फार जड जाते.