हवाबंद घरांतील शेती व काडाचें खत

गव्हाच्या पिकांत दाण्याच्या वजनाइतकें किंवा त्याहूनही अधिक वजन काड, भुसा व मुळ्या यांचें भरतें, हें वाचकांस सांगावयास नको. आपण तें गुरांस घालतों किंवा उकिरड्यांत कुजवितों. परंतु ज्या घरांतून वारासुद्धां बाहेर जाऊं द्यावयाचा नाहीं, तेथें त्याचें काय करावें? अवकाशांत दीर्घकाळ राहणाऱ्या माणसांस अन्न, पाणी व प्राणवायु हीं पिकांपासूनच मिळावींत, असे प्रयोग पृथ्वीवर हवाबंद घरें बांधून झाले आहेत. त्यांत हा काडाचा प्रश्न फार चिवट ठरला.

सैबेरियांतील क्रास्नोयार्स्क येथील 'बायोस-३' या ३१५ घनमीटरांच्या घरांत १९७२-७३ सालीं १८० दिवसांचा प्रयोग झाला. गहूं व भाजीपाला आंतच पिकत असे. परंतु पिकांस लागणारे क्षार बाहेरून न्यावे लागत. काडांत गेलेले क्षार परत मिळत नसत. शिवाय माणसाच्या श्वासानें केवळ खाल्लेल्या अन्नांतील कर्बच हवेंत परततो. काडांतील कर्ब तसाच अडकून राहतो आणि पुढील पिकास कर्बवायु अपुरा पडतो. काड जाळावें, तर कर्ब सुटतो खरा, पण नत्रही बहुतेक उडून जातो.

अमेरिकेंत फ्लॉरिडांतील केनेडी अवकाश केंद्रांत १९८० नंतरच्या दशकांत सुमारें २० चौरस मीटर लागवडीचें बंदिस्त पीकघर उभें राहिलें. तेथें मातीशिवाय, क्षारयुक्त पाण्यावर गहूं, सोयाबीन व बटाटे घेत. काड नुसतें पाण्यांत भिजविलें तरी पालाश व पुष्कळसें नत्र पाण्यांत उतरतें; तेव्हां तेंच पाणी पिकास द्यावें, असें सहज सुचतें. पण तसें केल्यास पिकाची वाढ खुंटे. पाण्यांत क्षारांबरोबर काडांतील शर्करादि पदार्थही उतरत, त्यांवर जंतु माजत, मुळांभोंवतीं बुळबुळीत थर धरत, प्राणवायु संपवीत आणि नत्राचा वायु करून तें हवेंत घालवीत. कच्चें काड जमिनींत गाडून लगेच पेरणी केली म्हणजे पीक पिवळें पडतें, त्याचाच हा भाऊबंद. तेथें मात्र जंतु नत्र स्वतःच्या अंगीं ओढून घेतात, एवढाच भेद.

म्हणून जंतूंना त्यांचें जेवण आधींच, वेगळ्या भांड्यांत वाढावयाचें, हा उपाय निघाला. या भांड्यास बायोरिॲक्टर म्हणतात. काड बारीक करून पाण्यासह त्यांत घालावयाचें, खालून हवा सोडावयाची आणि सतत ढवळावयाचें. जंतु विरघळलेले पदार्थ खाऊन कर्बवायु सोडतात; तो पिकास मिळतो, आणि गाळलेलें पाणी खत म्हणून चालतें. अशा पाण्यावर गहूं व बटाटे घेतां आले. हवा कमी पडली कीं नत्र पुन्हा उडतें, म्हणून तेथें हयगय चालत नाहीं. आपल्या खड्ड्यांतील खत वेळोवेळीं उलथावें, असें इंदूर पद्धतींत सांगितलें आहे, त्याचेंही एक कारण हवाच होय.

युरोपियन अवकाश संस्थेच्या 'मेलिसा' योजनेंत (प्रारंभ १९८९) हें काम निरनिराळ्या जंतूंत वांटून दिलें आहे. पहिल्या कुंडांत हवेविना, सुमारें ५५ अंश उष्णतेंत, टाकाऊ पदार्थ कुजवितात. तेथें निघणाऱ्या अमोनियाचें नायट्रेट पुढील एका कुंडांत होतें. तें करणारे जंतु आपल्या शेताच्या मातींतलेच आहेत.

इतकें करूनही काडांतील कठीण, लाकडासारखा भाग बऱ्याच अंशीं शिल्लक राहतो. क्रास्नोयार्स्क येथील संशोधकांनीं पुढें काडावर प्रथम अळंबीं वाढविलीं, मग त्यांत गांडुळें सोडलीं व मातीसारखा पदार्थ तयार करून त्यांत गहूं पेरला.