टकरी किती, की टकरी कशा?

परीक्षेत वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न घेऊ. 'तापमान वाढविले असता रासायनिक अभिक्रियेचा वेग का वाढतो?' बहुतेक उत्तरपत्रिकांत पुढील उत्तर आढळते : 'तापमान वाढले की रेणू अधिक वेगाने धावतात, त्यांच्या टकरी वाढतात, म्हणून अभिक्रियेचा वेग वाढतो.' यात खोटे काही नाही. पण हे उत्तर अपुरे आहे, आणि त्यात जे राहून गेले तेच मुख्य कारण आहे. कसे ते आधी प्रयोगाने आणि मग थोड्या आकडेमोडीने पाहू या.

प्रयोग

छायाचित्रे धुण्यासाठी वापरतात तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तुमच्या प्रयोगशाळेत असेलच. त्याचे ८ ग्रॅम स्फटिक २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने ठळक फुली काढून तिच्यावर शंकुपात्र ठेवा. त्यात ५० मिलिलिटर हायपोचे द्रावण घ्या. आता ५ मिलिलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओता व त्याच क्षणी घड्याळ पाहा. अभिक्रियेत गंधकाचे सूक्ष्म कण तयार होतात, द्रावण दुधाळ होत जाते आणि वरून पाहताना फुली दिसेनाशी होते. त्याला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा.

हाच प्रयोग द्रावण १० अंश सेल्सिअसने अधिक गरम करून पुन्हा करा. (या अभिक्रियेत सल्फर डायॉक्साइड हा उग्र, घातक वायू सुटतो. म्हणून शिक्षक हजर असतानाच आणि खिडक्या उघड्या ठेवूनच प्रयोग करावा. द्रावण ४५ अंशांपेक्षा अधिक तापवू नये. काम होताच पात्र भरपूर पाण्याने धुवावे.)

दुसऱ्या खेपेस लागणारा वेळ पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे वेग जवळजवळ दुप्पट झाला! नेहमीच्या तापमानाजवळ घडणाऱ्या अनेक अभिक्रियांच्या बाबतीत असेच दिसते. हा काही नियम नव्हे, ढोबळ अंदाज आहे. पण प्रश्न उरतोच : केवळ १० अंशांनी इतका फरक का पडावा?

हिशेब काय सांगतो?

वायूंचा हिशेब सोपा, म्हणून वायू घेऊ. रेणूंचा सरासरी वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. तापमान २७ अंश सेल्सिअसवरून ३७ अंशांवर नेले, म्हणजे ३०० केल्व्हिनचे ३१० केल्व्हिन केले. ३१० ला ३०० ने भागून वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे १.०१७. म्हणजे रेणूंचा वेग २ टक्क्यांनीही वाढला नाही. बंद पात्रात टकरींची संख्याही तेवढीच वाढणार. मग अभिक्रियेचा वेग १०० टक्क्यांच्या घरात कसा वाढला? केवळ 'टकरी वाढल्या' म्हणून भागणार नाही, हे उघड आहे.

आता दुसरी गोष्ट पाहा. साध्या हवेत प्रत्येक रेणू दर सेकंदाला काही अब्ज टकरी घेत असतो. प्रत्येक टकरीतून अभिक्रिया घडली असती, तर ती डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी संपली असती. पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका पात्रात मिसळून ठेवले, तर नेहमीच्या तापमानाला ते वर्षानुवर्षे तसेच राहतात. एक ठिणगी पडली की मात्र स्फोट होतो. याचा अर्थ, बहुतेक सर्व टकरी वाया जातात.

१८८९ मध्ये स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी याचा उलगडा केला. टकरीत किमान ठराविक ऊर्जा असली, तरच रेणूंतील जुने बंध तुटून नवे जुळू शकतात. या ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. पुढे जर्मनीत मॅक्स ट्राउट्झ यांनी १९१६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये विल्यम लुईस यांनी १९१८ मध्ये या विचाराला टकरींच्या गणिताची जोड दिली.

एखाद्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा मोलमागे ५० किलोज्यूल आहे असे धरा. ३०० केल्व्हिनला दर १ अब्ज टकरींपैकी सुमारे २ टकरींतच एवढी ऊर्जा असते. ३१० केल्व्हिनला अशा टकरी जवळजवळ ४ होतात. हेच ते दुप्पट!

शाळेतील उंच उडीची स्पर्धा आठवा. काठी इतकी उंच आहे की शेकडो मुलांतून दोघेच ती पार करतात. सराव करून सर्वांची उडी थोडीशीच सुधारली, तरी काठीपर्यंत पोचू पाहणारे आणखी दोघे सहज पलीकडे जातात. सरासरी फारशी बदलत नाही, पण यशस्वी होणाऱ्यांची संख्या दुप्पट होते.

ऊर्जा पुरेशी असली तरी रेणूंची तोंडे योग्य दिशेला असावी लागतात. कार्बन मोनॉक्साइड हा नायट्रोजन डायॉक्साइडकडून ऑक्सिजनचा अणू घेतो. त्यासाठी कार्बनची बाजू ऑक्सिजनवर आदळली पाहिजे. उलट बाजूची धडक कितीही जोराची असली तरी व्यर्थ जाते.

इतर घटक

आता बाकीचे घटक सहज समजतील. हायपोचे २५ मिलिलिटर द्रावण आणि २५ मिलिलिटर पाणी घेऊन प्रयोग केला, तर वेळ सुमारे दुप्पट लागतो. संहती निम्मी झाल्याने टकरी खरोखरच कमी झाल्या. संगमरवराच्या खड्यापेक्षा त्याची पूड आम्लात जोराने फसफसते, कारण पुडीचा अधिक पृष्ठभाग आम्लाला भेटतो. येथेही टकरींची संख्याच बदलते.

उत्प्रेरकाचे काम वेगळे. तो टकरी वाढवीत नाही. तो अभिक्रियेला वेगळा मार्ग देतो, आणि त्या मार्गावरची काठी कमी उंचीवर असते. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याची फोड टाका. बटाट्यातील कॅटॅलेज या विकरामुळे ऑक्सिजनचे बुडबुडे भराभर येऊ लागतात.

हे जाणणे का महत्त्वाचे?

पुष्कळ अभिक्रियांत उष्णता बाहेर पडते. ती वेळीच काढून घेतली नाही तर तापमान चढते, तापमानामुळे वेग वाढतो, वाढत्या वेगाने आणखी उष्णता निर्माण होते. हे चक्र आवरेनासे होते. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यात असेच घडले. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरून उष्णता देणारी अभिक्रिया सुरू झाली. टाकी थंड ठेवणारी शीतक यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती. हा द्रव अवघ्या ३९ अंश सेल्सिअसला उकळतो. सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. 'दहा अंशांनी काय होणार?' असे रसायनांच्या बाबतीत कधीही म्हणू नये.

तेव्हा परीक्षेत उत्तर असे लिहा : 'तापमान वाढले की टकरी थोड्याच वाढतात, पण सक्रियण ऊर्जेइतकी किंवा तिच्याहून अधिक ऊर्जा असलेल्या टकरींचे प्रमाण पुष्कळ वाढते, म्हणून अभिक्रियेचा वेग वाढतो.'

विचार करा : वरील उदाहरणात सक्रियण ऊर्जा ५० ऐवजी १०० किलोज्यूल असती, तर त्याच १० अंशांनी वेग किती पट झाला असता? (उत्तर : सुमारे साडेतीन पटींहून थोडा अधिक. असे का, ते शिक्षकांशी चर्चा करून शोधा.)