हॉपरला टोपी घालण्याआधी

टाकीचा नळ उघडला की पाणी येतं. पण हॉपरचं गेट उघडलं की माल येईलच असं नाही. जळगावच्या दाल मिलमध्ये जाऊन बघा. अख्खी तूर सुळकन खाली येते, पण पावसाळ्यात दमटलेली चुनी आणि भुसा जागेवरच बसतो. ओल्या कोळशाचंही तेच.

'वरून अजून टाका, दाबाने उतरेल' हा आपला आवडता उपाय. पण १८९५ मध्येच जान्सेन यांनी दाखवलं की सायलोत माल वाढवला तरी तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही, कारण बाकीचं वजन भिंती घर्षणाने पेलतात. उलट चिकट माल दाबला गेला की जास्तच घट्ट होतो.

अडण्याचे प्रकार मुख्यतः दोन. तोंडावर कमान बसली की काहीच येत नाही. बीळ पडलं की मधला माल निघून जातो आणि कडेचा भिंतीला चिकटून राहतो. आजार वेगळे, म्हणून औषधही वेगळं.

आता इन्सर्ट, म्हणजे हॉपरच्या आत बसवायचा भाग. पहिला प्रकार उलट्या शंकूचा, त्यालाच चिनी टोपी म्हणतात. ती मधलं वजन स्वतःवर घेते आणि कडेच्या मालाला हलायला लावते, त्यामुळे बिळावर उपयोगी. दुसरा प्रकार शंकूत शंकू, जो अमेरिकेत जोहान्सन यांनी पुढे आणला. आतल्या शंकूची भिंत पुरेशी उभी ठेवली, तर बाहेरच्या भिंतीचा उभ्या रेषेशी होणारा कोन साधारण दुप्पट असला तरी सगळा माल एकत्र सरकतो. हॉपर जुना आहे आणि उंची वाढवायला जागा नाही, अशा वेळी हा पर्याय बघावा.

पण तोंडच लहान असेल तर कोणतीही टोपी कामाची नाही. युटा विद्यापीठात जेनिके यांनी १९६४ च्या त्यांच्या प्रसिद्ध बुलेटिनमध्ये हिशोबाची रीत दिली. गोल तोंडासाठी ढोबळ सूत्र असं: मालाची अबद्ध ताकद भागिले घनता गुणिले गुरुत्व, आणि उत्तराला साधारण २.२ ने गुणायचं. ताकद १ किलोपास्कल आणि घनता ५०० किलो प्रति घनमीटर धरली, तर तोंड सुमारे ४५ सेंटिमीटर हवं. लांबट फटीला रुंदी याच्या निम्मी पुरते. टोपी आणि भिंत यांच्यातली मोकळी जागा ही अशीच फट. ती २२-२३ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवली, तर कमान खालून उठून वर बसेल, एवढंच!

दुसरा हिशोब आधाराचा. १ मीटर व्यासाच्या टोपीवर १० किलोपास्कल दाब आला, तरी भार जवळपास ८०० किलो होतो. कमान अचानक कोसळली तर धक्का वेगळाच. वेल्डिंग तुटून टोपी स्क्रू कन्व्हेयरमध्ये गेली, तर बचत कसली? आधाराच्या पट्ट्याही उभ्या धारेवर लावाव्यात, नाहीतर त्यांच्यावरच माल साचतो.

हे सगळं का सांगतोय? मी पाहिलेल्या एका मिलमधला हॉपर बाहेरून ठोकून ठोकून पोचे पडलेला होता. प्रत्येक पोचा आत फुगवटा होतो आणि माल आणखी अडतो. तिथल्या कामगाराला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "हातोड्याने नाही ऐकलं तर पहार घेऊन वरून उतरायचं, भाऊ." त्याच्या पायाखाली बीळ कोसळलं तर माणूस काही सेकंदांत गाडला जातो. पहार घेऊन आत उतरणारा माणूस आपल्या ड्रॉइंगवर कुठेच नसतो. इन्सर्टची खरी किंमत मात्र त्याच्याच जिवाशी जोडलेली आहे.

तेव्हा फायनल इयरला असा प्रोजेक्ट घेतलात तर क्रम असा ठेवा: दमट मालाचीच शिअर टेस्ट, मग तोंडाचं माप, मग भिंतीचा कोन आणि घर्षण. कधी कधी नुसतं गुळगुळीत स्टेनलेस अस्तर लावूनही काम भागतं. एवढं करूनही भागलं नाही, तरच इन्सर्ट. आणि रिपोर्टमध्ये एक ओळ नक्की लिहा: माल अडला तर आत कोणीही उतरायचं नाही.