चौकशीचा फोन मुलाखतीच्या आधी करा

हजिऱ्यात शटडाऊनचा मोसम आला की ठेकेदारांकडे भरतीची घाई उडते. खत, गॅस, पोलाद, बंदर असं सगळं इथे तापीच्या मुखाशी एकवटलेलं. माणसं येतात खान्देशातून, ओडिशातून, बिहारमधून. अशाच एका ठेकेदाराकडे भरतीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. जुन्या साइटवर फोन करून चौकशी केली की माणूस कळतो, असं सगळे मानतात. मी जे पाहिलं ते वेगळं आहे.

एकदा पायपिंग सुपरवायझरच्या जागेसाठी दोघे आले. एक इस्त्रीच्या कपड्यांतला, इंग्रजीत फाडफाड बोलणारा. दुसरा नंदुरबारकडचा, रात्रपाळी संपवून थेट आलेला, दमलेला, मोजकं बोलणारा. मुलाखतीनंतर दोघांच्या जुन्या इन्चार्जना फोन गेले. दोघांबद्दल उत्तर जवळजवळ एकच आलं: ‘काम चांगलं, पण जरा हट्टी आहे.’ पहिल्याच्या कागदावर आमच्या साहेबांनी लिहिलं, ‘ठाम मताचा’. दुसऱ्याच्या कागदावर, ‘जुळवून घेणार नाही’. पहिल्याचा इन्चार्ज आणखी एक बोलला होता, ‘रेकॉर्ड मागून मागून घ्यावं लागतं’. ते कोणी मनावरच घेतलं नाही.

नोकरी पहिल्याला मिळाली. पुढे जॉइंटच्या नोंदी अपुऱ्या निघाल्या, हायड्रोटेस्ट अडली आणि बिलही अडकलं. दुसऱ्याचा इन्चार्ज नंतर भेटला, तेव्हा मी त्या हट्टाबद्दल विचारलं. तो म्हणाला, ‘रेडिओग्राफीची फिल्म पाहिल्याशिवाय पोरगा सही करत नसे.’

शब्द एकच, पण आधी पडलेल्या छापेनुसार त्याचा अर्थ बदलला. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९४६ मध्ये हेच दाखवून दिलं. एका माणसाचं वर्णन म्हणून त्यांनी एका गटाला सहा विशेषणं वाचून दाखवली: बुद्धिमान, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला तीच उलट क्रमाने. ज्यांनी ‘बुद्धिमान’ आधी ऐकलं, त्यांचं त्या माणसाबद्दलचं मत जास्त चांगलं झालं. आधी कानावर पडलेलं पुढच्या शब्दांचा अर्थ ठरवतं.

म्हणून भरती करणाऱ्यांना माझं सांगणं असं. उमेदवाराची परवानगी घेऊन चौकशी मुलाखतीच्या आधी करा. ते जमत नसेल, तर ज्याने उमेदवाराला पाहिलेलं नाही त्याला फोन करू द्या. प्रश्न आधी लिहून ठेवा आणि सगळ्यांसाठी तेच विचारा. उत्तर समोरच्याच्या शब्दांत उतरवा, आपला अर्थ त्यात मिसळू नका. ‘हट्टी’, ‘चांगला’, ‘मेहनती’ असा शब्द आला की लगेच विचारा, ‘असं कधी झालं? एखादा प्रसंग सांगा.’ बोलणारा त्याच्यासोबत रोज साइटवर होता की नुसता हजेरीपट पाहत होता, तेही विचारून घ्या. वेल्डर-फिटरची तर ट्रेड टेस्ट आधी घ्या, गप्पा मागाहून.

उमेदवारांनीही आपल्या जुन्या इन्चार्जला आधी कळवावं, आपण केलेल्या कामाचे दोन-तीन प्रसंग त्याला आठवून द्यावेत.

घरदार सोडून माणूस इथे पोटासाठी येतो. त्याच्या कामाबद्दल कोणी दिलेली साक्ष त्याच्या शर्टाकडे बघून वाचू नका.