शब्दांवाचूनची ओळख

सायंकाळी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत काम सुटले, की कामकऱ्यांची झुंबड फाटकाबाहेर पडते. असेच दृश्य १८९५ साली फ्रान्समधील लियों शहरी ल्युमिएर बंधूंनी आपल्याच कारखान्याच्या दारी टिपले. ७ जुलै १८९६ रोजी ते मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पडद्यावर दिसले. चित्रपटात ना आवाज, ना शब्द. तरी घरी परतण्याची ओढ कोणालाही ओळखता यावी! पुढे १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईतील एक कुस्ती टिपली. तीही कोणत्याही देशीच्या माणसाला सहज कळावी.

१९९२ साली ‘बराका’ नावाचा माहितीपट निघाला. तो चोवीस देशांत चित्रित झाला आहे. त्यात निवेदन नाही, संवाद नाही. आहेत ती केवळ चित्रे व संगीत. गंगेचा घाट, मक्का आणि जेरुसलेमची जुनी भिंत यांपाशी जमलेली माणसे त्यात दिसतात. त्यांचे वेष निराळे, भाषा निराळ्या. परंतु मुद्रेवरील भक्तिभाव एकच.

मुलांनो, ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, त्याला आपण चटकन परका म्हणतो. तसे म्हणण्यापूर्वी क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. तेथे आपलीच सुखदुःखे दिसतील.