आर्ताची हाक : गीता अध्याय ७, श्लोक १६



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात की मला भजणारे चार प्रकारचे असतात : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटात सापडलेला, कळवळून हाक मारणारा. बरेच दिवस मला वाटायचं की ही भक्तीची सगळ्यात खालची पायरी. गरज पडली की देव आठवतो, ती कसली भक्ती? हा समज २०२१ च्या जुलैमध्ये मोडला.

आमचं मूळ गाव कुडपण, पोलादपूर तालुक्यात, पार डोंगरात. शेलारमामांचं गाव म्हणून लोक ओळखतात. माझे काका-काकू तिथेच राहतात. त्या वर्षी २० जुलैला आषाढी एकादशी होती. कोरोनामुळे सलग दुसऱ्या वर्षी पायी वारी नव्हती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. आम्ही घरीच उपास आणि हरिपाठ केला. दोनच दिवसांनी, २२ तारखेला, पाऊस कोसळला. महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर. सावित्री तिथेच उगम पावते आणि खाली पोलादपूर, महाडकडे येते. महाड पाण्याखाली गेलं.

मी पुण्यात. काकांचा फोन लागेना. गावातल्या कोणाचाच लागेना. रात्री बातम्या येऊ लागल्या : महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली. मग आमच्याच पोलादपूर तालुक्यातलं केवनाळे, मग साखर सुतारवाडी. प्रत्येक नावाला पोटात गोळा यायचा. देवघरासमोर बसलो, पण जप होईना. तोंडातून एकच येत होतं, "विठ्ठला, आमची माणसं वाचव."

दोन दिवसांनी फोन लागला. सगळे सुखरूप होते. मी रडतच म्हणालो, "काका, देवाने वाचवलं आपल्याला."

काका जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे बाळा, असं नको बोलू. तळियेत पण देव्हारे होते."

तळियेत ८० हून अधिक माणसं गेली. त्यांनी हाक मारली नसेल का? त्यांची एकादशी आपल्यापेक्षा कमी होती का? काकांच्या त्या एका वाक्याने माझ्या श्रद्धेचा पायाच हलला. मी कामात रोज लॉग बघतो : अमुक दिलं म्हणून तमुक मिळालं. देवाशीही मी नकळत तसाच हिशोब मांडला होता. आमची माणसं वाचली, म्हणजे प्रार्थना चालली. मग ज्यांची वाचली नाहीत, त्यांच्याबद्दल मी काय म्हणत होतो?

त्या दिवसांत तुकोबांचं चरित्र पुन्हा वाचलं. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. त्यात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. एवढ्या मोठ्या भक्ताच्या घरातही अन्नाविना मरण आलं. त्यानंतर त्यांनी काय केलं? परंपरा सांगते की देहूतलं विठ्ठलाचं पडकं देऊळ त्यांनी दुरुस्त केलं आणि लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या खतांमधला आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला. दुष्काळात आपल्यासारखेच पिचलेले लोक त्या कर्जातून सुटले. दुःखाचं कारण त्यांना कळलं होतं म्हणून त्यांनी हे केलं असं मला वाटत नाही. देवाचा हात त्यांनी सोडला नाही आणि माणसांचाही सोडला नाही, एवढंच दिसतं.

आता पुन्हा श्लोकाकडे येऊ. आर्ताची प्रत्येक मागणी पुरी होते, असं भगवंत इथे म्हणत नाहीत. ते त्याला 'माझा भक्त' म्हणतात, आणि पुण्यवान म्हणतात. पुढे १८ व्या श्लोकात ज्ञानी तर माझा आत्माच आहे असं सांगतात, पण त्याआधी हे चौघेही उदार आहेत, थोर आहेत, असं स्पष्ट म्हणतात. म्हणजे रडत आलेल्याला दारातून परत पाठवलेलं नाही. त्या रात्री मला जप जमला नाही, नुसती हाक आली. तीही भक्तीच होती. माझी चूक हाक मारण्यात नव्हती. माणसं वाचली, हा मी देवाचा पुरावा मानला, ती चूक होती. असा पुरावा एका पावसात वाहून जातो.

ऑगस्टमध्ये गावी गेलो. काकांच्या एका खाचरात डोंगरातून आलेली माती आणि दगड भरले होते. बांध फुटला होता. काका आणि शेजारचे दोघे दगड वेचून बांध घालत होते आणि मोकळ्या झालेल्या जागेत शेजाऱ्यांकडची उरलेली रोपं लावत होते. मी विचारलं, "एवढ्या उशिरा लावून पीक येईल का?"

"ते आता कसं सांगू? रोपं हातात आहेत तोवर लावायची." आणि माझ्या हातात एक जुडी दिली.

आशा म्हणजे 'सगळं चांगलंच होईल' याची खात्री, असं मी समजत होतो. ती खात्री काकांकडे नव्हती, तुकोबांकडेही नसावी. तरी हातातलं काम थांबलं नाही.

तुमच्यातही कोणी आज आर्त असेल. नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल, रिपोर्टची वाट बघत असाल. जप होत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. नुसतं "विठ्ठला" म्हणा, तेवढं पुरे. आणि ज्यांचं संकट टळलंय, त्यांनी "देवाने मला वाचवलं" म्हणण्याआधी, ज्याचं टळलं नाही अशा एकाला आज फोन करा.

आजचा अभ्यास : सातव्या अध्यायातले १६ ते १९ हे श्लोक अर्थासह वाचा आणि आपण आज या चौघांपैकी कोण आहोत, ते प्रामाणिकपणे वहीत लिहा.

राम कृष्ण हरी.